आधारशिला, नऊ महिने वापरून: एका अंगणवाडी सेविकेचा अनुभव

अंगणवाड्यांसाठीच्या 'पोषण भी पढाई भी' या सरकारी कार्यक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आमच्या तुकडीला जूनमध्ये मिळालं. 'आधारशिला' हा त्यातलाच मुलांचा अभ्यासक्रम. आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात शेजारच्या बीटमधल्या (बीट म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडचा अंगणवाड्यांचा गट) चार-पाच जणींनी विचारलं, "बाई, ते आधारशिला खरंच वर्गात चालतं का, का आणखी एक रजिस्टर?" प्रत्येकीला फोनवर सांगून घसा बसला. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. कराड भागातल्या गावात मी 19 वर्षं सेविका आहे. तीन ते सहा वयाची 27 मुलं पटावर. मदतनीस आहे, खोली स्वतःची आहे, पत्रा गळत नाही, पुढं जरा अंगण आहे. ज्यांची अंगणवाडी देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत भरते, त्यांनी माझं म्हणणं त्या हिशेबानं घ्यावं.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं मे 2023 मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं. 2024 मध्ये त्याच्या जोडीला दोन पुस्तकं आली. तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंत 'नवचेतना'. आधारशिलेत 48 आठवड्यांची आखणी आहे. पहिले 4 आठवडे मूल घरातून येऊन रुळावं म्हणून, मग 36 आठवडे खेळ, गप्पा, कृती आणि शेवटचे 8 पक्कं करून घ्यायला. आठवडा '5+1'चा, म्हणजे पाच दिवस नवीन आणि सहाव्या दिवशी तेच परत. दिवसाची सुरुवात अर्ध्या तासाच्या मुक्त खेळानं, त्यानंतर दीड तास ठरवून घेतलेले खेळ, मग जेवण आणि विश्रांती, शेवटी तासभर उजळणी, त्यातही भर बाहेरच्या खेळांवर. कागदावर हे वाचलं तेव्हा मला वाटलं, यात नवीन काय? गाणी आपण घेतोच, गोष्टी सांगतोच. राज्याच्या आधीच्या 'आकार' अभ्यासक्रमाचे तक्ते अजून भिंतीला आहेत. बीटच्या बैठकीत प्रशिक्षणाची ती 21 मॉड्यूलं, म्हणजे पाठ, झाली होती, त्यांच्या वह्या कपाटात आहेत.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस वायाच गेला म्हणायचा. हॉल मोठा, आम्ही शंभरावर बायका, माईक खरखरणारा. मागच्या रांगांना सगळं दिसलं, ऐकू काही आलं नाही. सहा वर्षांच्या आत मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ होते ही स्लाइडही आली. ती मी आतापर्यंत इतक्या वेळा पाहिलीय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवेन. पण ती बघून उद्या सकाळी दहा वाजता 27 पोरांपुढं उभं राहून काय करायचं, ते कुणाला कळतं?

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट झाली आणि माझ्यापुरते तीन दिवस तिथंच वसूल झाले. प्रशिक्षक बाईंनी आमच्या जोड्या लावल्या. एकीनं मूल व्हायचं, दुसरीनं बाई. मूल झालेलीला मूठभर चिंचोके आणि काड्या दिल्या. बाई झालेलीनं दहा मिनिटं बोलायचं नाही, हात लावायचा नाही, समोरची काय करतेय तेवढं कागदावर लिहायचं. एवढंच. सोपं वाटलं. माझी जोडीदारीण चिंचोके एकावर एक रचायला लागली, ते घसरायला लागले आणि दुसऱ्याच मिनिटाला मी बोलून गेले, "अगं, खाली मोठे ठेव ना!" मान वर करून बघितलं तर सगळ्या हॉलमध्ये तोच प्रकार. कुणी हात धरून दाखवतेय, कुणी "शाब्बास" म्हणतेय, कुणी गोल करून घेतेय. प्रशिक्षक बाई हसून म्हणाल्या, "आता मुलांच्या जागी बसून विचार करा, आपण त्यांना किती वेळ देतो?"

19 वर्षांत मला कुणी गप्प बसायला शिकवलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या महिनाभराच्या प्रशिक्षणात बोलायला शिकवलं, गाणं हावभावासह म्हणायला शिकवलं, तक्ता कुठल्या बाजूनं धरायचा ते शिकवलं. मूल काही करत असताना आपले हात कुठं ठेवायचे, ते नाही.

हॉलमध्ये कळणं वेगळं आणि वर्गात जमणं वेगळं. जुलैचा महिना मुक्त खेळानं मला रडकुंडीला आणलं. बाटल्यांची झाकणं, सागरगोटे, जुन्या काड्यापेट्या, कापडाच्या चिंध्या असं सगळं एका टोपलीत भरून मधोमध ठेवलं आणि म्हटलं, "खेळा". पाच मिनिटांत टोपली उलटी, दोघांच्या हातात एकच डबा, एकानं झाकण तोंडात घातलेलं. माझी मदतनीस दारातून बघत होती. म्हणाली, "बाई, हा काय बाजार मांडलाय?" तिसऱ्या दिवशी मी पुन्हा हाताची घडी, तोंडावर बोट. खोटं कशाला सांगू?

मार्ग निघाला तो पुस्तकातून नाही. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी ऑगस्टपासून बीटच्या बैठकीत वीस मिनिटं राखून ठेवली. दर महिन्याला एका सेविकेनं आपल्याकडं काय जमलं आणि काय फसलं ते करून दाखवायचं. पहिल्याच वेळी एकीनं सांगितलं, "सगळं एकदम काढूच नका. चार कोपरे करा, प्रत्येक कोपऱ्यात एकच वस्तू, पण भरपूर." मी तसं केलं. एका कोपऱ्यात झाकणं, दुसऱ्यात चिंध्या आणि बाहुल्या, तिसऱ्यात ठोकळे. चौथा कोपरा बाहेर अंगणात, माती आणि पाण्याचा. आठवड्यानं वस्तू बदलायच्या. भांडणं निम्म्यावर आली. हॉलमधल्या तीन दिवसांपेक्षा या वीस-वीस मिनिटांनी मला जास्त शिकवलं, आणि त्याला खर्च चहाचा. ज्यांच्या बीटमध्ये अशी वीस मिनिटं नाहीत, त्यांनी मॅडमच्या मागे लागून ती मागून घ्यावीत.

आता डिसेंबरातली गोष्ट. आमच्याकडं कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि त्यांची मुलं कधी चार, कधी नऊ, अंगणवाडीत येतात. त्यातली एक मुलगी, वय साडेचार, आठ दिवस तोंडातून शब्द नाही. पाण्याच्या कोपऱ्यात एक बाटली होती, बुडाला भोक पडलेली. ती ही मुलगी बादलीत बुडवायची, उचलायची, खालून धार लागली की बघत बसायची. फ्रॉक ओला, पाय चिखलात. पूर्वीची मी असते तर बाटली हातातून काढून घेतली असती आणि आईला निरोप धाडला असता. यावेळी वही घेऊन उंबऱ्यावर बसले. तिसऱ्या दिवशी बाटली उचलताना तिचा तळवा चुकून वरच्या तोंडावर पडला आणि धार थांबली. तिनं हात काढला, धार सुरू. ठेवला, बंद. पाच-सहा वेळा करून बघितलं, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "नळ". अंगणवाडीतला तिचा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी बाटलीपाशी रांग. ज्या मुलीशी कुणी बोलत नव्हतं, ती सगळ्यांना हात कसा दाबून धरायचा ते शिकवत होती. त्या आठवड्याचा तक्त्यातला विषय मी बाजूला ठेवला. पाच दिवस पाणीच चालवलं: कशातून गळतं, कशातून नाही, कापडातून किती, चाळणीतून किती, किती वाट्यांनी डबा भरतो. असं करणं नियमात बसतं का, हे मॅडमना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "भाषा झाली, मोजणं झालं, हात चालले. वहीत तसं लिहून ठेवा."

याच टोळ्यांमुळं आधारशिलेची एक अडचणही मला दिसली. 48 आठवड्यांची पायरी-पायरीची रचना आहे, आणि ती मुलगा जूनपासून शेवटपर्यंत एकाच ठिकाणी बसलेला धरून चालते. माझ्याकडं नोव्हेंबरात आलेलं मूल मार्चमध्ये जाणार. फोनमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद होते, आहार मिळतो, पण मूल सव्विसाव्या आठवड्यात येऊन उभं राहतं तेव्हा त्याला पहिल्या आठवड्यातलं हवं असतं. मी काय केलं, तर सुरुवातीच्या 4 आठवड्यांतले खेळ काढले आणि नवीन मुलांसाठी 4 दिवसांत बसवले: नावाचा खेळ, पाणी कुठं, मोरी कुठं, आईची साडी उशाला घेऊन झोपणं. बोलीचाही प्रश्न येतो. आमच्यात 'पोरगं', त्यांच्यात 'लेकरू'. चित्रगप्पांत मी दोन्ही शब्द घ्यायला लागले, तर आमचीच मुलं घरी जाऊन "आई, मी तुझं लेकरू" म्हणायला लागली. एक आई विचारायला आली, हे कुठून शिकला म्हणून.

आणि जी मुलं गावात येतच नाहीत, आई पहाटे फडात जाताना बरोबर नेते, त्यांच्यासाठी हंगामात आठवड्यातून एक दुपार मी कोप्यांवर जाते, पिशवीत झाकणं आणि बाहुल्या घेऊन. यात मी काही मोठं करत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा हेच केलं होतं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. पुढं सहकारी अनुताई वाघांना बरोबर घेऊन कोसबाडच्या टेकडीवर तेच वाढवलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळासुद्धा काढली. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून शिंपले, बिया, दगड-माती वापरली. आज प्रशिक्षणात 'स्थानिक साहित्यातून खेळणी' हा विषय आला की माझ्या मनात येतं, हे तर आपल्याच मातीतलं आहे. प्रशिक्षणात त्या दोघींचं नाव एकदा तरी यायला हवं होतं, निदान महाराष्ट्रात.

नवचेतनेबद्दल मला आधी शंका होती. 36 महिन्यांचं कॅलेंडर, 140 कृती, सगळं गृहभेटीत करून दाखवायचं. पहिल्या घरी गेले, सात महिन्यांचं बाळ. मी पुस्तकातलं वाचून सांगायला लागले, तोंड लपवायचं, दाखवायचं. तर आजी म्हणाल्या, "पदराआडून भॉ करायचं व्हय? एवढ्यासाठी तीन दिवस बसवलं तुम्हाला?" आणि बाळाला तेल लावता लावता नाक-कान-डोळ्यांची नावं घेत मला तासभराचं प्रशिक्षण त्यांनीच दिलं. तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली. आधी आजीला विचारायचं, तुम्ही काय खेळता? मग त्यात एखादी भर घालायची. शिवाय त्याच घरात मोठ्या नातवाला मोबाइल दाखवल्याशिवाय घास जात नव्हता. ते आजींनाही पसंत नव्हतं, पण सुनेला बोलायची सोय नव्हती. माझ्या तोंडून आलं म्हणून ऐकलं गेलं. आठवडाभरच, पण गेलं.

तुलना करायची तर वापराला मला नवचेतना उजवी वाटते. तिला साहित्य लागत नाही, खोली लागत नाही, वेळही थोडा लागतो. कमी एकच: वडील. गृहभेटीच्या वेळी ते घरी नसतात, आणि असले तर उठून बाहेर जातात.

यातच एक गोष्ट लिहायला जड जातेय, तरी लिहिते. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगा होता, अडीच वर्षांचा, बोलत नव्हता. आई काळजीत. मी म्हटलं, "मुलगे उशिरा बोलतात, बापावर गेलाय." चार वर्षांचा झाल्यावर कळलं, त्याला ऐकूच कमी येत होतं. यावेळच्या प्रशिक्षणात वाढीचे टप्पे आणि दिव्यांग मुलं ओळखण्यावर अर्धा दिवस होता. बाकी बायका जेवणाच्या वेळेकडं बघत होत्या, मला त्या मुलाची आई दिसत होती. ऑक्टोबरात गृहभेटीत 14 महिन्यांच्या बाळामागं वाटी वाजवली, त्यानं वळून बघितलं नाही. पुन्हा वाजवली, नाही. यावेळी मी काही बोलले नाही. वहीत टिपलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवलं, त्यांनी तपासून जिल्ह्याला पाठवलं. आता त्याला ऐकण्याचं यंत्र बसलंय. सुरुवातीला ते कानातून ओढून काढायचा, आता आईनं हाक मारली की मान फिरवतो.

पालकांचं काय, हा प्रश्न सगळ्यांनी विचारलाय. सरळ उत्तर: अर्ध्यांना पटलं, अर्ध्यांना नाही. जुलैत तिघांनी मुलं काढून नेली, शेजारच्या गावातल्या पिवळ्या गाडीच्या शाळेत घातली. कारण एकच, "अंगणवाडीत नुसतं खेळवतात, पाटी कधी?" सप्टेंबरच्या माता-सभेत मी भाषण केलं नाही. आयांपुढं तूर आणि हरभरा एकत्र करून ठेवला आणि डाव्या हातानं निवडायला लावला. दोन मिनिटांत हसू आणि वैताग. मग म्हटलं, तुमच्या पोराचे दोन्ही हात सध्या असे आहेत, त्याच्या हातात पेन्सिल कोंबून काय होणार? आयांना पटलं. एक वडील मागं उभे होते, ते म्हणाले, "ते खरं, पण एबीसीडी कधी?" त्यांना मी अजून पटवू शकलेली नाही. तिघांतलं एक मूल दिवाळीनंतर परत आलं. दोन नाही आली.

वेळेचा हिशेब मांडल्याशिवाय हा अनुभव अर्धाच राहील. जानेवारीत मी कॅलेंडरवर खुणा केल्या. कामाच्या 24 दिवसांपैकी पुस्तकाप्रमाणे पूर्ण दिवस झाला तो 14 वेळा. बाकीचे दिवस वजन-उंचीत, घरपोच आहाराच्या वाटपात, लसीकरणात आणि फोन उंच धरून रेंज शोधण्यात गेले. आमच्या गावात टॉवर डोंगराच्या पलीकडं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण वाटपाच्या दिवशी रांगेतल्या बायका, फोन आणि मुक्त खेळ तिन्ही एकत्र चालत नाहीत. त्या दिवशी मी मुलांना सरळ मदतनिसाकडं सोपवते. ती आता चार कोपरे माझ्यापेक्षा नीट लावते, आणि तिलाही या प्रशिक्षणाला बसवायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर पुस्तकांना चार, हॉलला दोन, बीटमधल्या वीस मिनिटांना पाच.

कुणी पाळणाघर किंवा घरगुती बालवाडी चालवत असेल तरी ही पुस्तकं कामाची आहेत, अंगणवाडीच हवी असं नाही. फक्त सगळं पुस्तक रंगीत छापून घेऊ नका, मी घेतलं आणि पैसे घालवले. आठवड्यांच्या आखणीची पानं आणि वाढीच्या टप्प्यांचे तक्ते तेवढे काळ्या-पांढऱ्यात काढा, झेरॉक्सवाल्याला पाठपोट सांगा आणि तक्ते प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला लावा. भिंतीला लावले तर मुलं काढतात. आणि बाटल्यांची झाकणं मोठीच गोळा करा, तोंडात मावणार नाहीत अशी. ती बुडाला भोक पडलेली बाटली मात्र माझ्याकडं राहिली नाही. परवा टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाडाच्या वर ती मुलगी बसली होती, बाटली हातात घट्ट धरून. मी मागितली नाही.